राहत्या घराचें बांधकाम

(वाचण्याचा भाग : नहेम्या, अध्याय ३ व ५)



घर बांधण्याच्या दोन रीती आहेत. ज्यांच्यापाशीं पैका आहे ते कांहीं दिवस दुसऱ्या ठिकाणीं भाड्यानें राहतात, काम गवंड्याच्या हवालीं करितात, आणि सर्व सिद्ध झालें म्हणजे पाळकास बोलावून, प्रार्थना करवून आंत जातात. गरिबांस ही रीत साधत नाहीं. त्यांस पडक्या घरांत राहूनच नवें घर उभारावें लागतें. एका खणांत चूल पेटलेली, तर दुसऱ्यांत पाया खणलेला. रात्रीं जेथें मुलें निजलीं तेथेंच सकाळीं वाळू चाळावयाची. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकाठच्या मंडळ्यांस ही दुसरी रीत पुरती ठाऊक आहे, आणि आज आम्ही तिच्याविषयींच बोलणार आहों.

पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फुटांवर आलें म्हणजे इशारा देतात, व ४३ फुटांस धोका समजतात. २०१९ च्या आगस्ट महिन्यांत तें ५५ फुटांच्याही वर गेलें. दोन वर्षें उलटलीं न उलटलीं तोंच २०२१ च्या जुलईंत पुन्हा महापूर आला. प्रयाग चिखलीच्या संगमापासून तों नरसोबाच्या वाडीस जेथें पंचगंगा कृष्णेस मिळते तेथपर्यंत काठचीं गांवें पाण्यांत उभीं होतीं. मातीच्या भिंतीची एक गोष्ट शहरवासीयांस ठाऊक नसते. पाणी चढलेलें असतां ती पुष्कळदां उभी राहते. पाणी उतरतें, ऊन पडतें, घरधनी देवाचे उपकार मानून आंत पाऊल टाकतो, आणि मग ती बसते. पायथ्याची माती आधींच विरघळलेली असते, पण तें बाहेरून दिसत नाहीं. संकटांत टिकलेलीं कितीएक घराणीं संकट टळल्यावर मोडतात, तीं आम्हीं पाहिलीं आहेत.

आमच्या मंडळींतील एका कुटुंबाचें घर असेंच बसलें. त्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. एक वृद्ध माता, तिचे दोन पुत्र, दोघांच्या बायका व पांच मुलें, आणि मधला पुत्र वारल्यामुळें त्याची विधवा व तिची एक मुलगी. अशीं बारा माणसें. घर तीन खणांचें, त्यांपैकीं मागचे दोन खण पडले. उरलेल्या सोप्यांत बारा जण राहिलीं व कामास लागलीं. सरकारी घरकुलास तेव्हां आमच्या प्रांतीं १,२०,००० रुपये मिळत, तेही एकदम नव्हेत. पाया झाला, भिंती झाल्या, असें जसजसें दिसेल तसतसा हप्ता येतो. घर निदान २५ चौरस मीटरांचें असावें असा नियम आहे. बारा माणसांस तेवढें पुरत नाहीं हें कोणासही समजेल. म्हणून त्यांनीं आपली मजुरी घालून जोतें वाढविलें. मुलांनीं जुनीं कौलें धुऊन परड्यांत रचून ठेविलीं. थोरला भाऊ गवंडीकाम जाणणारा, धाकटा विटा वाहणारा. आणि ती विधवा? ती पहांटे नळावर उभी राही, पाणी आणी, माल कालवी, घमेलें डोक्यावर घेई, आणि थोरला दीर ओळंबा लावी तेव्हां दोरीचें दुसरें टोंक धरून उभी राही. तीन महिने आम्हीं तिला दुसऱ्या कामावर पाहिलें नाहीं.

जोतें पुरें झालें त्या दिवशीं आम्हांस प्रार्थनेस बोलाविलें. जमिनीवर फक्कीनें खोल्यांच्या रेघा आंखिल्या होत्या. ही थोरल्याची, ही धाकट्याची, हा सोपा आईचा, ही चुलीची जागा. आम्हीं हात वर करून आशीर्वाद दिला, चहा घेतला, आणि संतुष्ट होऊन उठलों. निघतांना ती लहान मुलगी आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली व तिनें विचारिलें, "पाळकसाहेब, ह्यात आमची खोली कंची?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. "तुम्ही आजीजवळ निजाल," असें कांहीं तरी बोलून आम्ही पुढें झालों. बंधूंनो, ज्या नकाशावर आम्हीं देवाचें नांव घेतलें त्यांत एक खोली कमी आहे हें आम्हांस दिसलें नव्हतें. एका नऊ वर्षांच्या पोरीनें दाखविलें.

त्या रात्रीं आम्हीं नहेम्याचा तिसरा अध्याय उघडला. उपदेशकांपैकीं पुष्कळ जण हा अध्याय ओलांडून जातात, कारण त्यांत नांवांवांचून दुसरें कांहीं नाहीं असें त्यांस वाटतें. आम्हीही मंडळींत तो क्वचितच वाचिला असेल. पण तीं नांवें कशाचीं? यरुशलेमेची भिंत पडली होती, वेशी जळल्या होत्या, आणि लोक त्या पडक्या नगरांत राहूनच ती उभारीत होते. प्रमुख याजक हातीं काम घेतो. सोनार येतात, सुगंधी तेलें करणारे येतात. त्यांनीं पूर्वीं दगड उचलला असेल काय? तकोवा गांवचे लोक येतात, पण त्यांच्यांतले सरदार मान वांकवीत नाहींत, आणि शास्त्र तेंही लिहून ठेवितें. कितीएकांस आपापल्या घरासमोरचाच भाग नेमून दिला आहे. एका मशुल्लामाविषयीं तर असें सांगितलें आहे कीं त्यानें आपल्या खोलीसमोरची भिंत नीट केली. त्याची एक खोलीच होती कीं काय, असें वाचणाऱ्याच्या मनांत येतें. आणि बाराव्या वचनांत शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या कन्यांनींही काम केलें असें म्हटलें आहे. त्यांचीं नांवें दिलीं नाहींत. पण त्यांनीं भिंत बांधिली हें कोणी पुसूं शकलें नाहीं.

आतां पांचवा अध्याय पाहा. भिंत अजून पुरी व्हावयाची आहे, शत्रू बाहेर टपून आहेत, एका हातीं काम व दुसऱ्या हातीं शस्त्र असे दिवस. आणि अशा वेळीं आंतूनच मोठी ओरड उठते. लोक व त्यांच्या बायका आपल्याच भाऊबंदांवर फिर्याद करितात. शेतें गहाण पडलीं, घरें गेलीं, लेकीबाळी दास्यांत चालल्या, आणि घेणारे परके नव्हेत, भिंतीवर खांद्याला खांदा लावून उभे असलेलेच. नहेम्यानें काय केलें? आधीं भिंत होऊं द्या, मग तुमचें पाहूं, असें तो म्हणूं शकला असता. काम घाईचें होतें; सारी भिंत बावन्न दिवसांत झाली असें पुढें लिहिलें आहे. पण त्यानें मोठी सभा भरविली व ज्यांचीं शेतें व घरें होतीं त्यांस तीं परत देवविलीं. शिवाय तो असेंही कबूल करितो कीं आपण व आपले भाऊही लोकांस उसनें देत आलों होतों, आणि तें आतां सोडावें. हें वाचून आमची मान खालीं गेली.

कोणी म्हणेल, पाळकानें लोकांच्या वांटणींत पडूं नये. आम्हीही आजवर असेंच म्हणत आलों, व त्यांत शहाणपणापेक्षां भय अधिक होतें. निदान कायदा काय म्हणतो हें तरी मंडळींस सांगणें हें आमचें काम आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला व त्यास मुलेंबाळें असलीं, तर त्याच्या मिळकतीच्या तीन भागांपैकीं एक भाग विधवेचा, आणि राहिलेले दोन मुलांचे. त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. ह्या घराचा बाप आधीं वारला व मधला पुत्र मागाहून. तेव्हां बापाकडून त्या पुत्रास जें आलें तें आज त्या विधवेचें व तिच्या मुलीचें आहे. त्यांस खोली देणें ही दया नव्हे. (लग्न होऊन गेलेल्या बहिणींचाही बापाच्या मिळकतींत भाग असतो, हें आम्हीं एका सभेंत सांगितलें तेव्हां पुरुषांच्या बाजूस बराच वेळ खोकला ऐकूं आला.)

आणि कायदा कशास, आमच्याच महाराष्ट्रांत ह्याचा दाखला नाहीं काय? पंडिता रमाबाईनें १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत ती मध्यप्रांतांत गेली व उपाशी मरणाऱ्या मुली व विधवा गोळा करून घेऊन आली. पुण्यांत तेव्हां प्लेगामुळें त्यांस ठेवण्याची सोय नव्हती. केडगांवास तिनें शेतजमीन घेऊन ठेविली होती, पण शेत म्हणजे घर नव्हे. तरी ती त्यांस तेथेंच घेऊन गेली. तंबू आणि तात्पुरत्या छपरांखालीं तें शेंकडों मुलींचें कुटुंब राहूं लागलें, आणि भिंती मागाहून उभ्या राहिल्या. १८९८ सालीं मुक्तिसदनाचें समर्पण झालें. लगेच १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला आणि घर पुन्हा अपुरें झालें! आधीं इमारत, मग माणसें, असा हिशेब तिनें केला असता तर त्यांतल्या किती वांचल्या असत्या? ज्या विधवांस सासरीं कोपरा नव्हता व माहेरीं उंबरठा नव्हता, त्यांच्याकरितांच तो नकाशा आंखिलेला होता. पुढें त्यांच्यांतल्याच स्त्रियांनीं तेथील छापखान्यांत खिळे जुळवून तिनें केलेलें मराठी बायबल छापिलें. १९२२ च्या एप्रिलांत ती प्रभूकडे गेली, त्याच्या थोडें आधीं तिचें भाषांतराचें काम पुरें झालें होतें.

बांधणारांनीं नापसंत केलेला दगड कोनशिला झाला हें आम्ही प्रभूविषयीं नेहमीं सांगतों. पण तो दगड नापसंत करणारे कोणी मूर्तिपूजक नव्हते, कारागीरच होते. ओळंबा हातांत असलेले, शास्त्र जाणणारे. प्रार्थना करून चहा घेणारे, असें म्हटल्यास आम्हांसच लागेल.

दुसऱ्या रविवारीं आम्ही त्या घरीं पुन्हा गेलों. मनांत पुष्कळ बोलणें जुळवून ठेविलें होतें. आधीं आमची चूक सांगितली, कीं अपुऱ्या नकाशावर आम्हीं आशीर्वाद मागितला. मग नहेम्याचे दोन्ही अध्याय वाचिले, नांवें न गाळतां. शल्लूमाच्या कन्यांपाशीं येतांच धाकट्या भावाची बायको हळूच जावेकडे पाहूं लागली. थोरला भाऊ मात्र रागावला. "साहेब, जागा कुठली आणायची? रबर आहे का जोतं, ताणायला?" असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. धाकटा कांहींच बोलला नाहीं. मग म्हातारी उठली, सोप्यांतली आपली बाज तिनें भिंतीकडे सरकविली, आणि म्हणाली, "माझा अर्धा सोपा घ्या. मला किती दिवस लागतोय?" थोरला उठून परड्यांत गेला. तो चिडून निघून गेला असें आम्हांस वाटलें. कांहीं वेळानें तो फक्कीचा डबा घेऊन आला.

ती आडवी भिंत आतां गुडघ्याएवढी झाली आहे. पुरांतून वांचलेली मधल्या भावाच्या खोलीची जुनी चौकट तिला बसवावयाची ठरली आहे. ती एक वीत रुंद पडते, म्हणून थोरला दोनदां माप घेऊन गेला. त्या दिवशींही विधवेनें आम्हांशीं एक शब्द काढिला नाहीं. ती बाहेर वाळू चाळीत होती. तिची मुलगी मात्र त्या गुडघाभर भिंतीच्या आंत दप्तर ठेवून, ताडपत्रीखालीं पाढे लिहीत बसली होती.