गोळी घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे का?



मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण एकमेकांची विचारपूस करतो. शुगरच्या, बीपीच्या गोळ्यांविषयी मोकळेपणाने बोलतो. मात्र नैराश्यावरची गोळी चालू असेल, तर ती कपाटात कपड्यांखाली ठेवतो. लोक काय म्हणतील ही भीती असतेच. पण आपल्याला आणखी एक टोचणी असते. प्रभू सोबत असताना मनासाठी गोळी का लागावी? आपली प्रार्थना कमी पडली का? या टोचणीपायी कोणी उपवासकाळात, तर कोणी प्रार्थनासभेहून आल्यावर गोळी एकदम बंद करतो. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा.

ही गोळी नशेची नव्हे आणि झोपेचीही नव्हे. अशा औषधांपैकी एकाचा शोध क्षयाच्या उपचारातून लागला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले, तेव्हा खिन्न पडून असलेले रुग्ण हसू-बोलू लागले, त्यांना भूक लागू लागली. काही वर्षांनी तेच औषध नैराश्यावर वापरले गेले. आज डॉक्टर बहुधा फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटालोप्राम यांसारखी औषधे देतात. ती मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कामावर परिणाम करतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी असा त्रास मात्र आधी सुरू होऊ शकतो. त्यामुळे काही जण पहिल्याच आठवड्यात कंटाळून औषध सोडतात. तरुणांमध्ये सुरुवातीला अस्वस्थता किंवा जीव देण्याचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी लक्ष ठेवावे व तसे दिसताच डॉक्टरांना कळवावे. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करतात. एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड होते, आजार उलटूही शकतो.

आता श्रद्धेचा प्रश्न. एलीया हा केवढा मोठा संदेष्टा! तरीही रानात झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने त्याला 'तुझा विश्वास कुठे गेला' असे विचारले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर. आधी शरीराला बळ, मग बोध, हा क्रम देवाचाच आहे. बेनसिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्यायही आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि वैद्याला जागा द्यायलाही सांगतो. औषधे देवानेच जमिनीतून निर्माण केली, असे तो म्हणतो.

दुःख हा आपला क्रूस आहे, तो निमूट वाहावा, असे काही जण म्हणतात. पण प्रभू येशूच्या क्रुसालाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला. मदत घेतल्याने क्रूस हलका मानला जात नाही. उपचार नाकारून मुलाबाळांना आपल्यापासून तोडणे, हे क्रूस वाहणे नव्हे.

गोळीलाही मर्यादा आहेत. कर्ज, घरातली दारू, दिवसभर विड्या वळून थकलेल्या बहिणीचा एकटेपणा हे गोळीने मिटत नाही. तेथे आपण लागतो. 'गोळी घे आणि गप्प बस' हे म्हणणे, 'प्रार्थना कर आणि गोळी सोड' म्हणण्याइतकेच कठोर आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये व्हॅटिकनमधील नैराश्यविषयक परिषदेत पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी अशा रुग्णांना देवाची माया जाणवू देण्याचे महत्त्व सांगितले. ती माया कोणाच्या तरी हातूनच पोहोचायची असते.

आपल्यापैकी कोणाला आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलमधील मानसोपचार तज्ज्ञांना भेटावे. २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.

जपमाळ आणि गोळी या दोन्ही एकाच हातात घेता येतात. रुग्णांची माता पवित्र मरिया आपल्या सर्वांसाठी विनवणी करो.