नाव आणि नावे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पण पहिल्याने जीव आपलासा होतो आणि दुसऱ्याने दूर लोटला जातो. आमच्या घरी एक मांजराचे पिल्लू आले, तेव्हा या अंतराचा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर आला. पिल्लाचा मागचा एक पाय अधू होता. मुलांनी नाव विचारताच माझी विद्वत्ता उफाळून आली आणि मी म्हणालो, “तैमूर!” तैमूरलंगाचा इतिहास ज्यांना ठाऊक होता ते हसले. धाकटी कन्या मात्र म्हणाली, “बाबा, उद्या त्याचा पाय बरा झाला तर?”

मांजराला विनोद कळत नाही. मग अन्याय झाला तो कोणावर, असे कोणी विचारील. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौर (१७८८–१८६०) याने एकामागून एक कुत्रे पाळले आणि प्रत्येकाचे नाव ‘आत्मा’ असेच ठेविले. उपनिषदांवर त्याची मोठी भक्ती होती. जे चैतन्य माझ्यात तेच या चतुष्पादात, हा सिद्धान्तच त्या हाकेत साठविलेला होता. कुत्र्याने खोडी केली म्हणजे तो त्याला “अरे माणसा!” म्हणून रागे भरे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. या थट्टेचा रोख कुत्र्यावर नसून मनुष्यजातीवर आहे. माझ्या थट्टेचा रोख मात्र एका मुक्या जिवाच्या व्यंगावर होता. मांजराचे त्यात काही बिघडले नसेल. पण दुबळ्याचे व्यंग दिसताच हसावे, हा धडा मी मुलांना देत होतो. आज मांजराला दिलेले नाव उद्या शेजारच्या एखाद्या मुलाला चिकटावयास कितीसा वेळ लागतो?

मग खेळकर नाव ठेवूच नये काय? छे! घरात हसू खेळावे म्हणूनच तर असली नावे असतात. मात्र एक कसोटी लावून पाहावी. ऐन पावसाळी रात्री ते पिल्लू हरवले आणि अंगणात उभे राहून हाका मारण्याची वेळ आली, तर ते नाव जिभेवर जड होणार नाही ना? जे नाव हसताना सुचते आणि डोळ्यांत पाणी असतानाही उच्चारता येते, तेच खरे नाव.

कन्येने त्या वीतभर पिल्लाचे नाव ‘भीमसेन’ ठेविले. पाय अजूनही अधूच आहे. पण हाक ऐकताच स्वारी तीन पायांवर, मोठ्या ऐटीत, दाराशी हजर होते.