शेवटच्या प्रवासाचं सामान

'माणूस रिकाम्या हाताने येतो आणि रिकाम्या हाताने जातो' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्यांतल्या एकाचेही हात रिकामे नव्हते. बँकेत तर ते नेहमीच कानावर पडतं. मृत खातेदाराचे वारस काउंटरवर येतात, "कोण काय बरोबर नेणार आहे हो?" म्हणून एकमेकांची समजूत घालतात आणि त्याच श्वासात व्याजाचा दर विचारतात. कॉमर्सचा पदवीधर या नात्याने माझं मत ठाम आहे : मेलेल्या माणसाला स्वतः येऊन पैसे काढायची सोय कुठल्याही शाखेत नाही.

व्हायकिंग लोकांना हे मान्य नव्हतं. त्यांचा नॉर्वे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्या भांडणातून उरलेली पट्टी. आजही लोकवस्ती पंचावन्न लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईत याहून जास्त माणसं राहतात. शेतजमीन थोडी, जायचं-यायचं ते पाण्यावरून. देशाच्या नावाचा अर्थच मुळी 'उत्तरेची वाट', आणि ती वाट समुद्रातली. अशा मुलखात जहाज म्हणजे बैलजोडी, एस.टी. आणि दुकान, सगळं एकच. म्हणून एखादं मोठं माणूस गेलं, की त्याला जहाजासकट पुरायचं.

१९०४ साली ओसेबर्गच्या एका शेतातल्या टेकाडाखालून असं जहाज उकरून काढलं. ओकच्या लाकडाचं, साडेएकवीस मीटर लांब, तीस वल्ह्यांचं. लाकडातली वलयं मोजून तज्ज्ञांनी सांगितलं, की ते ८२० च्या सुमाराला बांधलं आणि ८३४ साली पुरलं. म्हणजे जेमतेम चौदा वर्षांचं! घसारा कितीही धरा, हे काही भंगारात काढायचं वय नव्हे. आत दोन स्त्रिया. बरोबर एक गाडा, बर्फावरून ओढायच्या चार गाड्या, पलंग, तंबू, स्वयंपाकाची भांडी, बादलीभर रानसफरचंदं आणि पंधराएक घोडे. आमच्या घरी चार दिवस महाबळेश्वरला जायचं म्हटलं तरी सामान साधारण एवढंच निघतं. घोडे तिथे भाड्याने मिळतात, एवढाच काय तो फरक.

आणि एवढी तयारी करून हे जहाज दोरखंडाने एका मोठ्या दगडाला बांधलेलं होतं! प्रवासाला पाठवायचंही आणि जाऊ द्यायचंही नाही. हा हिशेब मात्र मला पटतो. कोणत्याही घरातून माणूस जातं तेव्हा मागच्यांचं असंच होत असतं.

सोनं-चांदी तेवढी मिळाली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणी तरी टेकाड फोडून आत शिरलं होतं. त्या मंडळींची लाकडी फावडी तिथेच राहिली. रक्कम काढली आणि पावती ठेवून गेले, म्हणायचं.

इथवर हसायला हरकत नाही. पण ९२२ साली बगदादच्या खलिफाचा वकील इब्न फदलान व्होल्गा नदीकाठी पोचला. तिथे त्याने उत्तरेकडच्या रूस व्यापाऱ्यांच्या एका सरदाराचं जहाजासकट दहन पाहिलं. बहुतेक अभ्यासक हे रूस लोक व्हायकिंगच होते असं मानतात. त्याने मयताच्या मालमत्तेची वाटणीही लिहून ठेवली आहे : एक हिस्सा घरच्यांना, एक मयताच्या कपड्यांना आणि एक उत्तरक्रियेच्या दारूला. असा चोख हिशेब आमच्या हेडक्लार्कनेही वाखाणला असता.

पण याच हिशेबात आणखी एक बाब होती. धन्याबरोबर कोण मरणार, असं दासींना विचारत. एक 'मी' म्हणाली. एकदा म्हटलं की मागे फिरायची सोय नाही. तिला दारू पाजली आणि मारताना बाहेर पुरुषांनी ढाली बडवल्या. तिच्या किंकाळ्या ऐकून इतर मुली घाबरू नयेत, पुढच्या वेळी त्यांनी नकार देऊ नये, म्हणून.

माझी नोकरी सह्या तपासण्याची. थरथरत्या हाताने केलेली सही समोर आली, की आम्ही विचारतो, "आजी, कशावर सही करताय ते कळलंय ना?" त्या मुलीला हे कोणी विचारलं असेल? तिची 'स्वखुशी' मी तरी पास करणार नाही.

तेव्हा मेल्यावर बरोबर काय नेता येतं, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. न्या की जहाज! नेणाऱ्याचं स्वतःचं असेल तर घोडेसुद्धा न्या. घोड्यांचं मत वेगळं असू शकेल. खरा प्रश्न, ते कोणाच्या खात्यातून वळतं करता, हा आहे. आपण हल्ली कोणाला जहाजावर चढवत नाही. पण 'माझ्यामागे हे घर विकायचं नाही', 'धाकटीने दुकानच सांभाळायचं' असं सांगून जाणारे आपल्यातही आहेतच. भोवती रडणारे नातेवाईक ढालींचं काम करतात आणि धाकटीचं 'नाही' कोणाला ऐकू येत नाही.

ओसेबर्गच्या त्या दोघींपैकी एक सत्तरीपुढची, दुसरी पन्नाशीच्या आसपासची. मालकीण कोणती, दासी कोणती, की दोघीही मानाच्याच, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. अकराशे वर्षांनी हाडं तपासली, तर त्यांवर हुद्दा लिहिलेला नव्हता. ज्या कोणीसाठी एवढं जहाज पुरलं, तिला तेवढंही बरोबर नेता आलं नाही.