गुप्त उपवास आणि सामूहिक पदयात्रा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक उपासनेत जी वाचने होतात, त्यांतील दोन वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातील वाचन सियोनात रणशिंग फुंकून साऱ्या लोकांना उपवासासाठी एकत्र बोलावण्यास सांगते आणि त्यातून तान्ह्या बाळांना किंवा नवपरिणितांनाही वगळत नाही. तर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू बजावतो की दानधर्माचा डांगोरा पिटू नये, प्रार्थना दार लावून करावी आणि उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून असे वावरावे की कोणाला त्याचा सुगावाही लागू नये. प्रायश्चित्त असे गुप्त असावयाचे, तर त्याच दिवशी माणसांनी जथ्याने, प्रार्थना गात, भर रस्त्याने देवळाकडे जाण्याला आधार कोणता, हा प्रश्न म्हणूनच गंभीर ठरतो.

रोममधील ‘स्टेशन’ची प्रथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. स्टेशन म्हणजे नेमलेल्या दिवशी नेमलेल्या चर्चमध्ये रोमच्या बिशपने, अर्थात पोपने, शहरातील ख्रिस्तजनांसह करावयाची उपासना. भाविक आधी दुसऱ्या एका चर्चमध्ये जमत आणि तेथून लितानी, म्हणजे एकेका संताचे नाव घेऊन केलेली विनवणी, गात स्टेशनच्या चर्चकडे चालत जात. पोप पहिले ग्रेगरी (590–604) यांच्या काळात या प्रथेला व्यवस्थित रूप आले. राखेच्या बुधवारचे स्टेशन अव्हेन्टाइन टेकडीवरील सांता साबिना हे चर्च असून, जुन्या काळी तेथे जाणारी यात्रा पॅलेटाइन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सांता अनास्तासियापासून निघे. 1309 नंतर पोपांचे वास्तव्य आव्हिन्यॉं येथे गेले आणि ही परंपरा खंडित झाली. विसाव्या शतकात पोप तेविसावे जॉन यांनी सांता साबिनाची वारी पुन्हा सुरू केली. आज ही यात्रा बेनेडिक्टाइन संन्याशांच्या सांत आन्सेल्मो चर्चपासून निघते आणि तिचे अंतर जेमतेम काही शे मीटर भरते. पाचव्या शतकात बांधलेल्या सांता साबिनाच्या जुन्या लाकडी दारावर येशूच्या क्रुसारोहणाचे एक अतिप्राचीन शिल्प आहे. त्यात क्रूस जवळजवळ दिसतच नाही, दिसतात त्या हात पसरून उभ्या असलेल्या तीन आकृती, आणि मधली इतर दोघांहून मोठी.

या चर्चमध्ये मस्तकावर राख टाकली जाते. ती मागील वर्षी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. तिचा इतिहास मूळ प्रश्नाच्या उत्तराकडे नेतो. आरंभीच्या शतकांत घोर पाप करणाऱ्यांना जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुढे रूढ झालेल्या विधीनुसार त्यांना प्रायश्चित्तकाळाच्या प्रारंभी राख लावून चर्चबाहेर पाठवले जाई आणि पवित्र गुरुवारी पुन्हा मंडळीत सामावून घेतले जाई. 1091 साली बेनेव्हेन्तो येथील धर्मसभेने, पोप दुसरे उर्बन यांच्या अधिपत्याखाली, धर्मगुरू आणि प्रापंचिक अशा सर्वांनीच राख घ्यावी असे ठरवले. मोजक्या पापी माणसांची खूण अशा रीतीने सर्वांची झाली, आणि तिच्यात कोणाला वेगळे काढण्याची शक्ती राहिली नाही. खुद्द पोपही मस्तक लववून दुसऱ्याच्या हातून राख घेतात. येशूचा आक्षेप सोबतीला नसून लोकांत उठून दिसण्याच्या हौसेला होता, हे ध्यानात घेतले की दोन्ही वाचनांतील विरोध मावळतो, कारण जेथे प्रत्येकाच्याच मस्तकावर राख आहे, तेथे पुण्यवान म्हणून मिरवण्यास कोणाला जागा उरत नाही. राखेच्या बुधवारी, 5 मार्च 2025 रोजी, पोप फ्रान्सिस रुग्णालयात असल्याने कार्डिनल आंजेलो दे दोनातिस यांनी त्यांच्या वतीने उपासना चालवली; यात्रा पोपांवाचूनही निघाली.

अर्थात समूहाचा आडोसा धोक्याचाही असतो: सारेच पापी म्हटले की स्वतःच्या नेमक्या पापाचा विचार टाळता येतो. म्हणूनच धर्मगुरूपुढे एकट्याने करावयाचे पापनिवेदन यात्रेमुळे रद्द होत नाही. गोव्यातही अलीकडच्या वर्षांत प्रायश्चित्तकाळाच्या प्रारंभी संत जुझे वाझ यांच्या सांकवाळ येथील तीर्थस्थानी मोठी पदयात्रा जाते, आणि ती माणसाला स्वतःच्या पापाचा विचार करायला लावते की तो टाळू देते, ही कसोटी तिलाही लागू पडते.

पाचव्या शतकातील पोप लिओ यांनी प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांतून वारंवार आग्रह धरला की उपवासात जे वाचेल ते गरिबाच्या मुखी पडावे. यात्रेचे मोल ठरवताना हाच निकष धरणे योग्य होय. जी यात्रा भुकेल्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही, ती अपुरी राहते. चर्चच्या कायद्याचा कलही यात्रेपेक्षा उपवासाकडेच आहे: राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या कॅथलिकांना उपवास बंधनकारक आहे, पदयात्रा मात्र कोणालाही बंधनकारक नाही.