कारण आणि जबाबदारी : बंद पडलेल्या संकेतस्थळाचा प्रश्न

संकेतस्थळाकडे पाठवलेली विनंती फसली की सर्व्हर बहुधा तीन अंकी क्रमांक परत पाठवतो. एचटीटीपीच्या नियमांनुसार ४ ने सुरू होणारे क्रमांक विनंती करणाऱ्याच्या बाजूची चूक सुचवतात, तर ५ ने सुरू होणारे सर्व्हरच्या बाजूची. दोष कोणाचा याचा निकालच त्यात लागला, असे वरवर पाहता वाटते. तसा तो लागत नाही. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. वाचकाने पत्ता चुकीचा टाइप केला असेल, किंवा मालकाने पान हलवून नवा पत्ता जोडला नसेल. क्रमांक दोन्हीकडे तोच. ५०२ मध्ये तर मधला सर्व्हर एवढेच सांगतो, की मागच्या सर्व्हरकडून आलेले उत्तर ग्राह्य नव्हते. क्रमांकातून बिघाड कुठे जाणवला ते कळते. तो का झाला आणि कोणी निस्तरायचा, हे दोन प्रश्न त्यानंतरही उरतात.

पहिला प्रश्न कार्यकारणभावाचा आहे आणि न्यायदर्शनाने त्याची बारकाईने चिकित्सा केली आहे. कार्याच्या आधी नियमाने असते आणि ज्याला वगळून कार्याची उपपत्ती लागत नाही, ते कारण. ते ओळखण्याची वाट अन्वय आणि व्यतिरेक यांची : एक असताना दुसरे असते का, आणि एक नसताना दुसरे नसते का, हे पाहायचे. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र कालबाह्य झाल्याची सूचना आली, तर तंत्रज्ञ हेच करतो. दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या नेटवर्कवरून तेच पान उघडून पाहतो. तिथेही सूचना आली तर संशय प्रमाणपत्रावर जातो. तिथे पान नीट उघडले तर पहिल्या फोनची तारीख तपासली जाते, कारण घड्याळ पुढे गेलेल्या फोनला वैध प्रमाणपत्रही मुदत संपलेले दिसते. एकाच सूचनेमागे एकदा मालकाची हयगय असते, एकदा वापरणाऱ्याचे चुकलेले घड्याळ.

कार्याआधी घडलेली प्रत्येक गोष्ट मात्र कारण नसते. अशा उपऱ्या पूर्ववर्ती गोष्टींना नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात. विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त घटाच्या संदर्भात त्यांचे पाच प्रकार येतात. दंडाचा रंग, कुंभाराचा बाप आणि माती वाहून आणणारे गाढव ही त्यांतली उदाहरणे. एखाद्या घटाची माती गाढवाने आणलेली असेलही. पण ती दुसऱ्या वाटेने आली असती तरी घट झालाच असता.

८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या जाळ्यात झालेला बिघाड या भेदाने नीट उलगडतो. ही कंपनी इतरांची संकेतस्थळे जगभरच्या आपल्या सर्व्हरांवरून वेगाने पोचवते. त्या दिवशी ‘गार्डियन’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ यांच्यासह अनेक स्थळे एकाच वेळी बंद पडली. कंपनीच्या निवेदनानुसार १२ मे रोजी बसवलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष होता. तो जवळजवळ चार आठवडे सुप्त राहिला. मग एका ग्राहकाने आपल्या सेटिंगमध्ये नियमांत बसणारा बदल केला, नेमकी हवी ती परिस्थिती जुळून आली आणि जाळ्याचा ८५ टक्के भाग त्रुटी देऊ लागला. त्या ग्राहकाचा बदल आधी घडला हे खरे. पण तशाच परिस्थितीतला दुसऱ्या कोणाचाही वैध बदल तेच करून गेला असता. न्यायाच्या कसोटीवर तो विशिष्ट ग्राहक माती आणणाऱ्या गाढवाच्या जागी येतो. कंपनीनेही त्याच्याकडे बोट दाखवले नाही. हे आपण आधी ओळखायला हवे होते, असे तिने मान्य केले.

दुसरा प्रश्न कर्त्याचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतला एक. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तिथे अपुरी ठरवली आहे. डोमेनची नोंदणी, नामसेवा, होस्टिंग, सॉफ्टवेअर आणि वाचकाचे नेटवर्क इतक्या हातांतून जाणाऱ्या व्यवहारात एकच अपराधी शोधणे याच कारणाने फसते. पण कारणे पाच म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, असा अर्थ काढणेही चूक. त्याच ग्रंथात अर्जुनाला कर्म टाळण्याची मुभा मिळत नाही. कर्तृत्वाचा अभिमान सोडायचा असतो, वाट्याला आलेले काम नव्हे.

म्हणून जबाबदारी कारणांच्या साखळीवरून ठरत नाही. ती दिलेल्या शब्दावरून आणि दुरुस्तीच्या सामर्थ्यावरून ठरते. वाचकाशी संबंध संकेतस्थळाच्या मालकाचा, मालकाशी होस्टिंग कंपनीचा. बँकेच्या ग्राहकाने बँकेच्या पुरवठादाराचा दोष हुडकत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बँकेने तक्रार आधी स्वीकारावी आणि मग ती आत योग्य ठिकाणी पोचवावी. वापरणाऱ्याने आपले घड्याळ, आपला पत्ता आणि आपले नेटवर्क तपासावे. त्यापलीकडचे त्याच्या हातात नाही. कारण शोधायला वेळ लागतो आणि कधी ते पूर्ण सापडतही नाही. उत्तर देण्याचे कर्तव्य तोवर थांबवून ठेवता येत नाही.