स्वतंत्र घर आणि पूर्तधर्म

घर ही गृहस्थाची खाजगी मालमत्ता असली, तरी त्या घरातील जगणे ज्या पाण्यावर, वाटेवर आणि बागेवर अवलंबून असते त्यांवर त्याचा हक्क कोणत्या स्वरूपाचा मानावा, हा प्रश्न धर्मशास्त्राने हाताळलेला आहे. यज्ञयागादी कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये, उपवने, अन्नदान या लोकोपयोगी कर्मांना ‘पूर्त’ अशी संज्ञा आहे. पूर्तकर्माची सांगता ‘उत्सर्ग’ या विधीने होते. दान आणि उत्सर्ग यांतील भेद म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट केला आहे: दानात स्वामित्व एका विशिष्ट व्यक्तीकडे जाते, तर उत्सर्गात वस्तू सर्वांसाठी सोडली जाते, त्यामुळे तळे बांधणाऱ्याला त्याचे पाणी वापरता येते, परंतु ते मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून.

आधुनिक उपनगराने हा संबंध उलटा केला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, 1947 पासून लेव्हिट कंपनीने उभारलेल्या लेव्हिटटाउनमध्ये 1951 पर्यंत 17,000 हून अधिक घरे झाली. प्रत्येक घर आपल्या अंगणात सुटे उभे होते, आणि दुकाने, क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव हे वस्तीच्या आखणीतच होते. सुरुवातीच्या भाडेकरारात मात्र गोऱ्यांखेरीज कोणी तेथे राहू नये, असे कलम होते, आणि घरकाम करणाऱ्या नोकरांचा अपवाद त्यात आवर्जून केला होता. अशी वांशिक बंधने न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिल्यानंतरही कंपनीने कृष्णवर्णीयांना घरे विकण्याचे टाळले.

हा दोष केवळ बाजाराचा आहे, आणि पूर्तधर्माची परंपरा त्यापासून मुक्त होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि त्यापुढचा न्यायालयीन लढा 1937 पर्यंत चालला. अर्थात, उत्सर्गाचे तत्त्व शास्त्रात कितीही व्यापक असले, तरी ‘सर्व’ कोण हे रूढी ठरवू लागली की ते तत्त्व निष्प्रभ होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, ज्यांच्या पैशांतून बागेची आणि तलावाची देखभाल होते त्यांना अग्रहक्क असणे न्याय्यच आहे. या आक्षेपात देखभालीचे कर्तव्य आणि स्वामित्व यांची गल्लत होते. परंपरेनेही जीर्णोद्धार करणाऱ्याला पुण्य दिले, मालकी दिली नाही. ज्याने वर्गणी भरली त्याने व्यवस्थेचे नियम, वेळा आणि शुल्क ठरवण्यात सहभागी व्हावे, हे रास्त आहे, मात्र ते नियम कोणाच्याही जन्मावरून दार बंद करणारे नसावेत. गृहस्थाला एकांताची गरज असते आणि ती भागवण्यासाठी घराभोवती कुंपण घालणे धर्म्यच ठरते. परंतु शेजारातील सोयींनाही त्याच कुंपणात ओढून घेतले, तर पूर्त हे परोपकाराचे कर्म न राहता घराच्या किमतीत मोजावयाची आणखी एक रक्कम होते.