न विचारतां वाढलेलें

काय खाणार, हा प्रश्न जेथें विचारलाच जात नाहीं अशा मुंबईच्या एका उपाहारगृहांत परवां आम्ही उभयतां गेलों होतों. जपानी लोक या रीतीस 'ओमाकासे' म्हणतात. 'तुमच्यावर सोंपविलें' असा त्याचा अर्थ. वर्ज्य काय, एवढेंच आधीं विचारतात. मग आचारी एकामागून एक दहा लहान ताटल्या पाठवितो.

निवड हें स्वातंत्र्याचें लक्षण मानणाऱ्या मला हें पैसे मोजून पत्करलेलें पारतंत्र्य वाटलें. आपल्या पंगतींतही निवड नसे हें खरें. पण तेथें पानावर हात आडवा धरतां येई. (आग्रहापुढें तो कितपत टिके, हा भाग निराळा.) पत्नी मात्र पहिल्या घासापासूनच प्रसन्न होती. "अहो, आज काय करायचें हा विचार एक दिवस तरी दुसऱ्याच्या डोक्यांत आहे!" ती म्हणाली.

मी चपापलों. वीस वर्षें रोज रात्रीं न विचारतां वाढलेलें ताट मी पुढें ओढीत आलों. त्यास विश्वास म्हणावें कीं आळस? विश्वास ठेवणारा समोर काय आलें याकडे निदान पाहतो तरी. त्या रात्रीं प्रत्येक ताटली मीं निरखून पाहिली. आदल्या दिवशीं घरीं कोणती भाजी होती, हें मात्र कांहीं केल्या आठवेना.